टाच, ताबा आणि तगादा : कर्जवसुलीच्या कायद्याची प्रस्तावना

कर्ज घेतलेल्या माणसाकडून पैसे परत मिळवण्याचे मार्ग भारतीय कायद्यात अनेक असले, तरी सामान्य घराला ज्यांची झळ प्रत्यक्ष पोहोचते ते मुख्यतः तीन आहेत : न्यायालयाच्या हुकमाने पगारावर येणारी टाच, हप्ते थकल्यावर तारण वाहनाचा घेतला जाणारा ताबा, आणि या दोहोंच्या आधी, मध्ये व नंतरही चालू राहणारा तगादा. टाच म्हणजे ऋणकोची मालमत्ता किंवा त्याला येणे असलेली रक्कम न्यायालयाने अडवून ठेवणे. ताबा म्हणजे तारण ठेवलेली वस्तू सावकाराने, बँकेने वा वित्त कंपनीने स्वतःकडे घेणे. आणि तगादा म्हणजे पैशाची मागणी, मग ती नोटिशीने असो, दूरध्वनीने असो की दारात येऊन असो. या तिन्हींचे नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कायद्यांतून व वेगवेगळ्या हेतूंनी तयार झाले, त्यामुळे ते एकमेकांशी जुळतातच असे नाही, आणि कर्जदाराला त्यांतला नेमका कोणता नियम आपल्या बाजूचा आहे हे बहुधा वेळ निघून गेल्यावर कळते.

उज्जैनमधील देवास गेट हा भाग या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे. रेल्वे स्थानकालगतच्या या परिसरात जुने बसस्थानक आहे, शिंदेशाहीच्या काळापासूनचे माधव महाविद्यालय आहे, पोलीस ठाणे आहे, आणि महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची वाट पाहत उभ्या असलेल्या ऑटोरिक्षा, मॅजिक गाड्या व ई-रिक्षा आहेत. रेल्वेतला कारकून आणि महाविद्यालयातला कर्मचारी यांचे उत्पन्न पगाराच्या रूपाने येते. रिक्षाचालकाचे उत्पन्न गाडीच्या चाकांतून येते. दोघांनीही कर्ज घेतलेले असते आणि अडचणीच्या महिन्यात दोघांचेही हप्ते थकतात. पहिल्याच्या पगाराला हात लावायचा तर धनकोला दावा लावावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो, आणि त्यानंतरही पगाराचा मोठा हिस्सा कायद्याने त्याच्या घरासाठी राखून ठेवलेला असतो. दुसऱ्याची गाडी, जी त्याच्या दृष्टीने पगारच आहे, ती स्टँडवरून एका दुपारी पूर्णपणे जाऊ शकते, आणि तिच्या जाण्याआधी कोणत्याही न्यायाधीशाने त्याचे म्हणणे ऐकलेले असेलच असे नाही. या विषमतेकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य उद्देश आहे.

हे विवेचन मराठीत करण्यालाही कारण आहे. राणोजी शिंदे यांच्या काळात उज्जैन हे शिंद्यांचे ठाणे झाले, राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला नेल्यानंतरही माळव्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. आज या कुटुंबांच्या हाती येणारा कर्जाचा करार इंग्रजीत असतो, न्यायालयाची नोटीस हिंदीत असते आणि घरातील चर्चा मराठीत होते. ज्याला महाराष्ट्रात ‘टाच’ म्हणतात त्याला उज्जैनच्या न्यायालयात ‘कुर्की’ म्हणतात, हप्त्याला तेथे ‘किस्त’ म्हणतात. मूळ केंद्रीय कायदा मात्र दोन्हीकडे एकच आहे, म्हणून येथे सांगितलेले बरेचसे पुण्या-नागपूरच्या वाचकालाही तसेच लागू पडते.

वसुलीच्या जाचाचा इतिहास मराठी मुलुखाला नवा नाही. पेशवाई संपल्यानंतर दख्खनचा कमिशनर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात तगाद्याची जी पद्धत नोंदवली, तिच्यात साध्या मागणीपासून ऋणकोच्या दारात ठाण मांडून त्याला जेवू न देण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या होत्या. धरणे धरणारा माणूस स्वतः उपाशी बसे आणि त्याच्या उपवासाचे पाप घरमालकाला लागेल या भीतीवर वसुली चाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा गुन्हा ठरवला आणि त्याचे उदाहरण म्हणून दारातल्या धरण्याचाच उल्लेख केला. हीच तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ मध्ये आली आहे. दुसऱ्या बाजूला ऋणकोला आधार देणारा एक जुना नियम होता, तो दामदुपटीचा. हिंदू धर्मशास्त्रातून आलेल्या आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केलेल्या या नियमानुसार, एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ शकत नसे. आजच्या वाहनकर्जाला हा नियम उपयोगी पडत नाही, परंतु कर्जाच्या वाढीला कोठेतरी मर्यादा असली पाहिजे ही जाणीव या समाजात इंग्रजी न्यायालयांच्या आधीपासून होती, याची ती साक्ष आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून वह्या आणि खते जाळली, आणि हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता, तर कागदांवर होता, कारण त्याच कागदांच्या जोरावर दिवाणी न्यायालयांतून एकतर्फी हुकूमनामे निघत होते आणि जमिनी जात होत्या. सरकारने आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने शेतकऱ्याला कर्जापोटी तुरुंगात टाकणे बंद केले, खास गहाण न लिहिलेली त्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करण्यास मनाई केली आणि न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. खतावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता प्रत्यक्षात किती पैसे दिले गेले आणि व्याज कसे चढवले गेले हे पाहणे न्यायालयाचे काम ठरले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १८७९ च्या या कायद्यातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि छापील करारावर डझनभर सह्या घेऊन दिल्या जाणाऱ्या आजच्या कर्जांत नेमकी तीच तपासणी दुर्मीळ झाली आहे.

पगारावरील टाचेचे नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये आहेत. हे कलम आधी ऋणकोची सर्व विक्रीयोग्य मालमत्ता टाचेस पात्र ठरवते आणि मग अपवादांची यादी देते. ती यादी वाचताना एक संपूर्ण घर डोळ्यांसमोर उभे राहते : ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नये असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. मजूर आणि घरकामगार यांची मजुरी, ती पैशांत असो वा धान्यात, या यादीत पूर्णपणे वगळलेली आहे. भविष्य निर्वाह निधी, शासकीय निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी यांनाही संरक्षण आहे, आणि राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीची ही रक्कम मुदत ठेवीत घातल्यानेही तिचे संरक्षण नाहीसे होत नाही, असा निर्णय दिला.

पगाराविषयीचा नियम असा की पोटगीखेरीज अन्य कोणत्याही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचे दोन-तृतीयांश यांवर टाच येऊ शकत नाही. उदाहरणार्थ, टाचेच्या हिशेबात धरावयाचा पगार महिना ४०,००० रुपये असेल, तर आधी १,००० रुपये बाजूला काढावे लागतात, राहिलेल्या ३९,००० पैकी २६,००० सुरक्षित राहतात आणि फक्त १३,००० रुपये दरमहा धनकोला मिळू शकतात. २७,००० रुपये घरात येतात. हुकूमनामा पत्नी वा मुलांच्या पोटगीचा असेल तर प्रमाण उलटते व पगाराचा केवळ एक-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, कारण त्या वेळी पैसे मागणारेही त्याच पगारावर जगणारे असतात. या नियमाची दुसरी बाजू काळाची आहे : पगाराचा टाचयोग्य भाग एकूण २४ महिने टाचेखाली राहिला, तर पुढचे १२ महिने त्याला मोकळीक मिळते, आणि टाच एकाच हुकूमनाम्यापोटी असेल तर २४ महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यासाठी पगाराला पुन्हा कधीही हात लावता येत नाही. माणसाला आयुष्यभर एका कर्जाच्या जुवाखाली जुंपून ठेवायचे नाही, हा विचार येथे आकड्यांत उतरलेला आहे, आणि दिवाणी संहितेच्या रुक्ष पानांत तो सापडतो हे विसरू नये.

मात्र या संरक्षणाला गंज चढला आहे. सुरक्षित रकमेचा पहिला टप्पा पूर्वी ४०० रुपये होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने १,००० रुपये झाला, ती दुरुस्ती १ जुलै २००२ पासून अमलात आली, आणि त्यानंतर हा आकडा तेथेच थांबला. २००२ मध्ये हजार रुपयांत जे धान्य येत होते ते आज येत नाही, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. मोठ्या पगारात या हजार रुपयांना फारसा अर्थ उरलेला नाही, आणि दहा-बारा हजारांच्या खासगी नोकरीत, जेथे त्यांचा खरा आधार व्हायला हवा होता, तेथेही तो नाममात्रच राहिला आहे.

टाच प्रत्यक्षात कशी येते हे आदेश २१ च्या नियम ४८ व ४८-क मध्ये आहे. पहिला नियम सरकारी, रेल्वे आणि स्थानिक संस्थांच्या नोकरांसाठी आहे, दुसरा खासगी नोकरांसाठी. न्यायालयाचा हुकूम पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने निघतो, तो अधिकारी ठरलेली रक्कम कापून न्यायालयात पाठवतो, आणि त्याने हुकूम डावलून पूर्ण पगार दिला तर ती रक्कम मालकाच्या अंगावर येऊ शकते. येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे, जो लक्षात न ठेवल्याने असंख्य नोकरदार आपल्या पगारावर ‘कोर्टाची टाच’ आली असे समजतात. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेकडून कर्ज घेताना सभासद जे संमतिपत्र लिहून देतो, त्याच्या आधारे मालक हप्ता कापतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये त्याची स्पष्ट तरतूद आहे. ही कपात न्यायालयातून आलेली नसते, म्हणून तिला कलम ६० चे दोन-तृतीयांशाचे गणित लागत नाही. तिच्यावर मर्यादा येते ती वेतनाच्या कायद्याची : १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि सहकारी संस्थेचे देणे त्यात असेल तर ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली होती, त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेत ती ५० टक्के आहे.

जामीनदाराची स्थिती याहून कठीण असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की धनकोने आधी मूळ ऋणकोकडून वसुलीचे सर्व प्रयत्न संपवले पाहिजेत, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सहकाऱ्याच्या शब्दाखातर केलेली सही अशा रीतीने स्वतःच्या पगारपत्रकावर येते. कर्ज बुडवणारा बदलीवर निघून जातो वा नोकरी सोडतो आणि जामीनदाराचा पगार हाताशी असतो, म्हणून वसुली तिकडे वळते; पतसंस्थेच्या दृष्टीने ते सोयीचे आहे, परंतु माणसामाणसांतील विश्वासाची जी हानी त्यातून होते ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पैशाच्या हुकूमनाम्यात अटक अजूनही कायद्यात आहे, फक्त तिचे दार अरुंद झाले आहे. स्त्रीला अशा हुकूमनाम्यात अटक करता येत नाही. इतरांच्या बाबतीत १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या निर्णयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिले की केवळ पैसे दिले नाहीत एवढे पुरत नाही. ऐपत असून टाळाटाळ करणे, म्हणजे अप्रामाणिकपणा, दिसला पाहिजे. धनादेश न वटणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तो फौजदारी गुन्हा आहे, आणि कर्ज देताना घेऊन ठेवलेले कोरे धनादेश पुढे याच कलमासाठी वापरले जातात.

आता वाहनाकडे वळता येईल. वाहनकर्जाचे दोन प्रकार कागदोपत्री वेगळे आहेत. भाडे-खरेदीत गाडीची मालकी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वित्त कंपनीकडे राहते आणि चालवणारा जणू भाडेकरू असतो; नजरगहाणात मालक ग्राहकच असतो, गाडी त्याच्याच ताब्यात असते, पण तिच्यावर कंपनीचा तारणहक्क असतो. रस्त्यावर हा फरक कोणालाही जाणवत नाही, कारण दोन्हींत नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तपुरवठादाराचे नाव चढते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ मध्ये या नोंदीचे नियम आहेत : नमुना ३४ ने बोजा चढतो, नमुना ३५ ने उतरतो, आणि थकबाकीमुळे कंपनीने ताबा घेतला असेल तर नमुना ३६ वर स्वतःच्या नावाचे नवे प्रमाणपत्र मागता येते. त्या वेळी परिवहन कार्यालयाने नोंदणीकृत मालकाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ही नोटीस नोंदणी प्रमाणपत्रावरच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि घर बदललेल्या चालकाला तिचा पत्ताही लागत नाही, म्हणून पत्ता बदलल्याचे लेखी कळवून त्याची पोच ठेवणे हे वरवर क्षुल्लक वाटले तरी फार महत्त्वाचे आहे.

न्यायालयाशिवाय ताबा घेण्याचा अधिकार कंपनीला कोठून मिळतो, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. बँकांना आणि काही मोठ्या वित्त कंपन्यांना २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तारणाचा ताबा घेता येतो, परंतु बिगर-बँक वित्त कंपन्यांसाठी त्याला २० लाख रुपयांच्या कर्जाची किमान मर्यादा आहे, त्यामुळे देवास गेटवरच्या रिक्षांचा त्या कायद्याशी सहसा संबंध येत नाही. त्यांच्या बाबतीत अधिकार करारातल्या एका कलमातून येतो. सर्वोच्च न्यायालयाने ओरिक्स ऑटो फायनान्स विरुद्ध जगमंदर सिंग (२००६) मध्ये असे कलम असेल तर ताबा घेण्यास कायद्याचा अडसर नाही असे म्हटले. पुढच्याच वर्षी आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या निर्णयात बँकांनी गुंडांकरवी वसुली करू नये, गाडीचा ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा, असे कठोर शब्दांत बजावले. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती विरुद्ध एस. विजयालक्ष्मी या खटल्यात भाडे-खरेदीतही वसुलीची पद्धत कायद्याला धरूनच असली पाहिजे असे ठरले. आणि २०२० च्या मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेशकुमार तिवारी या निर्णयाने पारडे पुन्हा कंपनीकडे झुकवले, कारण हप्ते फिटेपर्यंत कंपनीच मालक आहे आणि ताबा घेणे ही चोरी नव्हे असे मानून ग्राहक मंचांचे आधीचे आदेश रद्द केले गेले, नोटीस न दिल्याबद्दल मात्र १५,००० रुपयांची भरपाई ठेवली गेली. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने एजंटांकरवी जबरदस्तीने गाड्या उचलणे हा घटनेच्या कलम २१ मधील उपजीविकेच्या हक्काचा भंग आहे असे ठरवले. हे निर्णय एकत्र वाचले तर निष्कर्ष असा निघतो की शांततेने व करारानुसार घेतलेला ताबा टिकतो, बळजबरीने घेतलेला टिकू नये. आणि त्यातली मेख अशी की बळजबरी झाली हे सिद्ध करण्याचा भार गाडी गमावलेल्या माणसावर पडतो.

स्टँडवर प्रत्यक्षात जे घडते ते पाहिले तर हा भार किती जड आहे ते कळते. ज्यांना चालक ‘सीझर’ म्हणतात ते वसुलीचे लोक थकलेल्या गाड्यांचे क्रमांक मोबाइलमधील अॅपवर घेऊन फिरतात, उभ्या गाडीचा क्रमांक जुळला की दोघे-तिघे पुढे येतात, एक जण किल्ली काढून घेतो, दुसरा कागदावर सही मागतो. तो कागद बहुधा ‘स्वेच्छेने ताबा दिल्याचे’ पत्र असतो. सवारी गाडीत बसलेली असते, आजूबाजूला बघे जमलेले असतात, आणि लाजेपोटी चालक सही करून मोकळा होतो. त्याच सहीने बळजबरीची त्याची तक्रार पुढे निकालात निघते. गाडीतील सामान, टायर, बॅटरी आणि मीटर यांची यादी करून तिची प्रत मागण्याचा हक्क त्याला असतो, पण त्या क्षणी तो सुचत नाही. ताबा घेण्याआधी व घेतल्यानंतर पोलीस ठाण्यात सूचना देण्याची पद्धत वित्त कंपन्यांत आहे. ही केवळ सूचना असते, परवानगी नव्हे. ‘ठाण्यात कळवले आहे’ एवढ्याने बळाचा वापर कायदेशीर होत नाही, हे चालकांनी जितके समजून घ्यायला हवे तितकेच ठाण्यातल्या अंमलदारांनीही.

रिझर्व्ह बँकेने बिगर-बँक वित्त कंपन्यांसाठी घालून दिलेली न्याय्य व्यवहार संहिता या ठिकाणी चालकाचे सर्वांत जवळचे शस्त्र आहे. करारात ताब्याचे कलम ठेवायचे असेल तर त्यात ताब्याआधीच्या नोटिशीचा अवधी, तो अवधी कोणत्या परिस्थितीत वगळता येईल, ताबा घेण्याची रीत, विक्री वा लिलावापूर्वी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी, गाडी परत देण्याची पद्धत आणि लिलावाची पद्धत या सर्व गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत, आणि कराराची प्रत कर्जदाराला दिली पाहिजे. यार्डात पडलेल्या गाडीचा लिलाव झाला म्हणजे कर्ज संपले असेही नाही. लिलावाची किंमत थकबाकीपेक्षा कमी आली तर उरलेली रक्कम, यार्डाचे भाडे व ताब्याचा खर्च यांसह पुन्हा मागितली जाते. गाडी नाही, कमाई नाही आणि कर्ज मात्र आहे, अशा अवस्थेत चालक येतो.

याचे मूळ पुष्कळदा कर्ज देतानाच्या हिशेबात असते. सरळ व्याजाने, ज्याला बाजारात ‘फ्लॅट रेट’ म्हणतात, दिलेल्या कर्जात फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज आकारले जाते. १,२०,००० रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले तर व्याज ४३,२०० रुपये होते आणि हप्ता सुमारे ४,५३३ रुपये. घटत्या शिलकीवर मोजले तर याच कर्जाचा खरा दर वर्षाला सुमारे २१ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये सर्व किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यपत्र अनिवार्य करून हा खरा वार्षिक दर लिहून देण्याचे बंधन घातले. तत्पूर्वी २०२३ मध्ये दंडव्याजाऐवजी केवळ दंडशुल्क घेता येईल आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येणार नाही, असा नियम केला. दामदुपटीच्या जुन्या विचाराची आठवण करून देणारे हे पाऊल आहे, जरी ते त्याहून बरेच छोटे असले.

तगाद्याच्या नियमांपैकी सर्वांत ठोस म्हणजे रिझर्व्ह बँकेचे १२ ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक. त्यानुसार बँका, वित्त कंपन्या आणि त्यांचे एजंट यांना वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर दूरध्वनी करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, कुटुंबीय, मित्र वा संदर्भ म्हणून दिलेल्या व्यक्तींच्या खासगीपणावर आक्रमण, आणि मोबाइलवर अनुचित संदेश पाठवणे यांना मनाई आहे. एजंटाच्या वर्तनाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते. सूक्ष्म कर्जांसाठी, म्हणजे वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दिलेल्या विनातारण कर्जांसाठी, वेळ आणखी अरुंद, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झारखंडमधील हजारीबाग येथे ट्रॅक्टर उचलून नेताना शेतकऱ्याची गर्भवती मुलगी त्याखाली चिरडली गेली, आणि रिझर्व्ह बँकेने संबंधित कंपनीला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करण्यास काही महिने बंदी घातली. नियम कागदावर असतानाही माणूस मरतो, आणि बंदी मृत्यूनंतर येते, ही गोष्ट या क्षेत्राच्या प्रत्येक अभ्यासकाने मनात ठेवावी अशी आहे.

रिझर्व्ह बँकेचे हे नियम पतसंस्थांना आणि खासगी सावकारांना लागू होत नाहीत. तेथे राज्याचे कायदे पाहावे लागतात, आणि या बाबतीत उज्जैनच्या कर्जदाराला एक उपयुक्त कायदा मिळाला आहे, ज्याचे मूळ नागपूरला राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात आहे. १९३७ चा ऋणको संरक्षण कायदा कर्जदाराचा पाठलाग करणे, त्याला धमकावणे, त्याच्या मालमत्तेच्या वापरात अडथळा आणणे किंवा वसुलीसाठी त्याच्या घराभोवती वा कामाच्या जागेभोवती घुटमळत राहणे यांना गुन्हा ठरवतो. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. १९५६ मध्ये नवा मध्य प्रदेश झाल्यावर जुन्या मध्य प्रांतातील कायदे तेथवर पोहोचले, आणि आजही मध्य प्रदेशातील पोलीस सावकारी छळाच्या प्रकरणांत याच कायद्याची कलमे लावतात. महाराष्ट्रात १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातील अशीच तरतूद २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात आली. एल्फिन्स्टनने वर्णन केलेला दारातला तगादा कायद्याने दोनदा, १८६० मध्ये आणि पुन्हा विसाव्या शतकात, गुन्हा ठरवला, तरी स्टँडवर चालकाच्या गाडीभोवती घुटमळणाऱ्यांविरुद्ध १९३७ च्या कायद्याचे कलम वापरता येते याची माहिती फार थोड्यांना आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याच विषयाचे वेगळे रूप दिसते. तेथे १९६८ च्या संघीय कायद्याने सामान्य कर्जासाठी पगारातील कपात कर वजा जाता उरलेल्या वेतनाच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली आहे, आणि ताशी किमान वेतनाच्या तीसपट आठवडी रक्कम सुरक्षित ठेवली आहे. किमान वेतन वाढले की हे संरक्षण आपोआप वाढते, जे भारतातल्या हजार रुपयांच्या बाबतीत घडत नाही. वाहन मात्र तेथेही न्यायालयाशिवाय नेता येते, अट एवढीच की शांततेचा भंग होता कामा नये.

दाद मागण्याच्या मार्गांत २०२१ ची रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना विनाशुल्क आहे. आधी संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावे लागते. करारात लवादाचे कलम असेल, आणि ते बहुधा असतेच, तर कंपनी दूरच्या शहरात लवाद नेमून त्याच्याकडून ताब्याचा अंतरिम आदेश घेते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निर्णयानंतर अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही, परंतु हा आक्षेप वेळेवर घेतला जावा लागतो. लोक अदालतीतील तडजोड स्वस्त आणि जलद असते, तथापि तिच्या निवाड्याविरुद्ध अपील नसते, म्हणून एकरकमी रकमेचा आकडा, तारखा आणि ‘अन्य कोणतेही देणे नाही’ हे वाक्य तडजोडीच्या कागदात सही करण्यापूर्वी आले पाहिजे.

२०२८ च्या सिंहस्थाकडे पाहत उज्जैनमध्ये नव्या रिक्षा आणि ई-रिक्षा रस्त्यावर येत आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यानंतर यात्रेकरूंचा ओघ वाढला आणि त्याच्या भरवशावर कर्जे घेतली गेली; मेळा आटोपल्यावरही हप्ते चालूच राहणार आहेत. ज्या चालकाचे सर्व हप्ते फिटतील त्यालाही काम उरते : कंपनीकडून ना-देय प्रमाणपत्र आणि सही केलेला नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात बोजा उतरवून घेणे. कागद हाती आले तरी ही नोंद उतरेपर्यंत गाडीच्या नोंदणीवर कंपनीचेच नाव राहते, आणि गाडी विकताना तेच आड येते.